बीटी सरळ वाणात का नाही?

जनुक बदललेल्या बियाण्याचा विषय निघाला की दोन पंगती बसतात. एकीला बीटी रामबाण वाटते, दुसरीला राक्षस. कापूस पिकवणाऱ्याला या दोन्ही पंगतींचा उपयोग नाही. त्याला हिशेब पाहिजे, म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे तो मांडत आहोत.

आधी बियाणे बनते कसे ते पाहू. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. त्याचे एक प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेले की अळी मरते. झाडांवर गाठी आणणारा दुसरा एक जिवाणू आपले जनुक झाडात घुसवतो. त्यालाच हमाल करून अमेरिकेत मोन्सॅन्टोने पहिल्या जिवाणूचे जनुक ‘कोकर ३१२’ या कपाशीच्या वाणात नेले. तिथून जालन्याच्या महिकोने ते नेहमीच्या संकराने आपल्या वाणांत उतरवले. २६ मार्च २००२ रोजी तीन संकरित वाणांना मंजुरी मिळाली. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर हे प्रथिन काम करत नाही. तसा दावा करून कोणी बियाणे विकत असेल तर ती फसवणूक समजावी.

सुरुवातीला फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या. पण २०१० मध्ये गुजरातेतल्या गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाला दाद दिली नाही. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या बियाण्याचीही पुढच्या दहा वर्षांत तीच गत झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडे किडली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली.

असे का झाले? सगळा दोष जनुकावर टाकून मोकळे होता येणार नाही. आपल्याकडे बीटी जवळजवळ सगळी संकरित वाणांतच आली. संकरित झाडात ते जनुक बहुधा एकाच पालकाकडून येते. त्यामुळे त्याच्या बोंडातल्या चार सरक्यांपैकी साधारण एक सरकी जनुकाशिवाय निघते. जनुके दोन असली तरी सोळांत एक सरकी कोरी राहते. गुलाबी अळी बोंडात शिरून सरकीच खाते. कोऱ्या सरकीवर ती पोसते, जोम धरते आणि मग शेजारची सरकीही पचवायला शिकते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी हा मुद्दा वारंवार मांडला आहे. त्यात संकरित वाण लांब मुदतीचे. वर फरदड घेतली की अळीला मार्चपर्यंत अन्नछत्र उघडे राहते. बिगरबीटी सरकीचे १२० ग्रॅमचे पाकीट बांधाकडेच्या ओळींत लावायचे होते, म्हणजे तिथले साधे पतंग चिवट पतंगांशी जोडी करून त्यांचा वंश मोडतील. ही गोष्ट विकणाऱ्याने नीट सांगितली नाही, आणि बहुतेक पाकिटे पेरलीच गेली नाहीत.

अमेरिकेत बीटी सरळ वाणांत आली, तिथे प्रत्येक सरकीत जनुक असते. त्याला वांझ पतंग सोडण्याची आणि पऱ्हाट्या गाडण्याची जोड मिळाली. २०१८ मध्ये त्या देशाने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले. तेच जनुक, तीच अळी, निकाल मात्र उलटा.

सरळ वाणाची सरकी शेतकरी घरी ठेवू शकतो. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने तो हक्क दिला आहे. घरची सरकी पेरणाऱ्याला दरवर्षी पाकीट विकता येत नाही, ही खरी गोम! २००६ पूर्वी ४५० ग्रॅमचे पाकीट १६०० रुपयांच्या घरात होते. आंध्र सरकार भांडले तेव्हा ते ७५० वर आले. म्हणजे भाव जनुकाचा नव्हता, मक्तेदारीचा होता.

बंदी हा यावर उपाय नाही. बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली, बांगलादेशात ते २०१४ पासून पिकू लागले. तणनाशक सोसणाऱ्या कपाशीला मान्यता नसताना तिचे बियाणे ‘चोर बीटी’ म्हणून गावोगाव पोचले. २०१९ मध्ये अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क आम्ही मागतोच. पण चोर बियाण्याला पावती नसते, लेबल नसते. उगवले नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे काय दाखवणार? बंदीने शेतकऱ्याचे तंत्रज्ञान थांबत नाही, त्याचे संरक्षण तेवढे जाते.

मेळाव्यात आम्ही तीन ठराव मांडणार आहोत. एक, दोन्ही जनुके सरळ, कमी मुदतीच्या वाणांत आणावीत आणि महाबीजने ती विकावीत. नागपूरच्या संस्थेने सरळ बीटी वाण तयार केले आहेत. आपल्या गावच्या कृषी केंद्रावर मागून पाहा, मिळतात का. २०२० मध्ये सरकारने जनुकाचे शुल्क शून्य केले, तेव्हा पैशाची सबबही उरत नाही. दोन, नव्या वाणाच्या चाचण्यांचे आकडे मराठीत छापावेत आणि निर्णयाला मुदत असावी. हो किंवा नाही, पण कारणासह. तीन, आपल्या हातातले काम: फरदड बंद, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या शेताबाहेर, आणि पात्या लागल्यापासून कामगंध सापळे.

तिसरा ठराव गावाने मिळूनच पाळावा लागेल. एकाच्या शेतात फरदड उभी राहिली, तर अळी साऱ्या शिवाराची.