जागलीला कुत्रे हवे, पण कोणते?



तूर शेंगांवर आणि हरभरा घाट्यांवर आला की आपल्या वऱ्हाडात जागल सुरू होते. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत वावराची धूळधाण करतात. मग ज्याला त्याला वावरात कुत्रे हवेसे वाटते. इकडे शहरातील काही तरुण मंडळी टाकून दिलेली विलायती कुत्री पदरमोड करून सांभाळतात आणि चांगले घर पाहून फुकट देतात. आपल्याला वाटते, दांडगे आहे, फुकट आहे, आणून बांधू वावरात.

चार वर्षांपूर्वी मीही असाच विचार केला आणि चुकलो. दर्यापूर तालुक्यातील एक शेतकरी म्हणाले, "साहेब, जागलीले एखादं दांडगं कुत्रं पाहा ना." मी शब्द टाकून त्यांना एक गोल्डन रिट्रीव्हर मिळवून दिले. मुले घर पाहायला येतो म्हणाली, तर मीच म्हणालो, "माणूस माझ्या ओळखीचा आहे, कशाला येता?" कुत्रे वावरातल्या टिनाच्या कोठ्याजवळ साखळीने बांधले गेले. माणूस कोणीही येवो, ते शेपटी हलवी. मे महिन्यात घरची मंडळी लग्नाला गेली. पाण्याचे भांडे लवंडले. संध्याकाळी येऊन पाहतात तो कुत्रे मेलेले. दोष त्यांचा कमी, माझा जास्त.

बियाणे घेताना आपण जमीन पाहून वाण निवडतो. कुत्र्याचेही तसेच आहे. हा वाण १८६८ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी तयार केला. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी गार पाण्यातून, दात न रुतवता, उचलून आणायचा हे त्याचे काम. म्हणून अंगावर केसांचा दुहेरी थर आणि स्वभाव मायाळू. राखण त्याच्या रक्तात नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करते. अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला की टिनाखाली त्याचे काय होणार?

हौसेने पिल्लू घ्यायचे, खर्च वाढला की सोडून द्यायचे, हा प्रकार सगळीकडे आहे. तुर्कस्तानातील इस्तंबूलमध्ये ही कुत्री इतकी टाकली गेली की मे २०१५ मध्ये अमेरिकेतील अटलांटाच्या स्वयंसेवकांनी त्यांतली ३६ विमानाने नेऊन त्यांना घरे मिळवून दिली. आपल्याकडेही उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

गेल्या हिवाळ्यात त्याच मुलांना घेऊन मी दुसऱ्या एका घरी गेलो. कुत्रे झोपेल कुठे, दुपारी घरी कोण असते, लस कोण टोचून आणेल, अशी त्यांनी विचारपूस केली. घरच्या काकू हसून म्हणाल्या, "पोरगी पाहाले आले का जी?" मी म्हटले, "काकू, तसंच समजा." ते कुत्रे आज ओसरीत झोपते आणि नातवंडांशी खेळते. जागलीला त्यांचे गावठी कुत्रे आहेच, आणि तेच बरे. त्याला आपले ऊन सोसते, परक्याची चाहूलही लवकर लागते.

असे कुत्रे आणायचेच असेल तर एवढे सांभाळा. त्याला घराच्या सावलीत ठेवा, पाणी सतत भरलेले असू द्या. उन्हाळ्यात केस भादरू नका, विंचरा. दिसेल ते तोंडात धरण्याची त्याला सवय असते. फवारणीच्या रिकाम्या बाटल्या आणि उंदराचे औषध उचलून ठेवा. फार धापा टाकून झोकांड्या देऊ लागले तर सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओता, वारा घाला आणि पशुवैद्यक गाठा. पिसाळ रोगाची लस दरवर्षी द्या, गावठी कुत्र्यालाही.

आणि ती मुले प्रश्न विचारू लागली, तर रागावू नका. मी त्यांना विचारू दिले नाही, त्याची किंमत त्या मुक्या जनावराने मोजली.