४५ फूट कुठे गेले?

शनिवारची सकाळ आहे, चहा हाताशी आहे, तेव्हा जरा भांडूया. विषय अगदी किरकोळ वाटेल: ग्राफच्या अक्षावरच्या खुणा, म्हणजे टिक्स. दोन खुणांमध्ये अंतर किती हे तुम्ही ठरवता, की सॉफ्टवेअर? आपल्यातले बहुतेक जण ते सॉफ्टवेअरवर सोडून मोकळे होतात. माझं म्हणणं असं की हा शुद्ध आळस आहे, आणि त्याची किंमत भलताच कुणीतरी मोजतो.

लांबचं उदाहरण नको. सांगलीचा आयर्विन पूल घ्या, १९२९ सालचा. पावसाळ्यात अख्खी सांगली ह्या पुलाच्या फुटांत बोलते. "किती झालं?" एवढंच विचारायचं, उत्तर फुटांत येतं. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि २०२१ च्या जुलैमध्ये त्यानं पुन्हा पन्नाशी ओलांडली.

आता हा तासातासाचा डेटा मॅटलॅबमध्ये किंवा पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये टाका, अक्ष शून्य ते साठ ठेवा आणि प्लॉट म्हणा. खुणा येतात ०, १०, २०, ३०, ४०, ५०, ६०. सुबक, सुटसुटीत, पीपीटीत छान दिसेल असं. फक्त एकच गडबड: ४५ कुठेच नाही! ज्या आकड्यावर माणसं घरातलं सामान माळ्यावर चढवतात, जनावरं हलवतात, तोच आकडा गायब. मग सूर्यवंशी प्लॉटातल्या माणसानं काय करायचं, स्क्रीनला पट्टी लावायची?

ह्यात बिचाऱ्या सॉफ्टवेअरचा दोष नाही. त्याला "छान" आकडे शोधायला शिकवलंय. १, २, ५ आणि त्यांच्या दसपटी घ्यायच्या, गर्दी होणार नाही एवढ्याच खुणा ठेवायच्या. पॉल हेकबर्ट ह्यांनी १९९० मध्ये ही युक्ती 'ग्राफिक्स जेम्स' ह्या पुस्तकात लिहिली, आणि युक्ती झकास आहे. पण तिला कृष्णा माहीत नाही. ती तुम्हाला माहीत आहे ना? मग सांगा की!

आणि सांगायला लागतं किती? मॅटलॅबमध्ये वायटिक्सला ०:५:६० द्या. मॅटप्लॉटलिबमध्ये मल्टिपललोकेटरला ५ द्या. एक्सेलमध्ये अक्षाच्या फॉरमॅटमध्ये जाऊन मेजर युनिट ५ करा. एक ओळ, दोन क्लिक. त्यावर ४० ला पिवळी आणि ४५ ला लाल आडवी रेघ मारलीत तर सोन्याहून पिवळं.

एक सावधगिरी मात्र हवी. मॅटलॅबमध्ये खुणांची यादी हातानं दिली की ती गोठते. कोरड्या वर्षाचा डेटा बघून कुणी ०:५:४० लिहिलं आणि तीच स्क्रिप्ट पुराच्या वर्षी चालवली, तर रेघ चढत जाते आणि ४० च्या वर एकही खूण नाही. म्हणजे नेमकी गरज पडते तिथेच ग्राफ मुका. म्हणून यादी ठोकून देण्यापेक्षा अंतर सांगा, आणि वरचं टोक डेटावरून काढा. मल्टिपललोकेटर हेच करतो.

आडव्या अक्षाची तर वेगळीच मजा. वेळ तासांत दिली की खुणा २०-२० तासांनी येतात. २० तासांचा दिवस कुणाच्या घरी असतो? कोयनेतून सोडलेलं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीला पोचायला वेळ घेतं, आणि त्या वेळेतच माणसांना हलायचं असतं. तिथं ६, १२, २४ ह्याच खुणा हव्यात.

साताऱ्याचा पाऊस बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर, त्याच जिल्ह्यात माणमधल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. शेजारी-शेजारी दोन ग्राफ काढले आणि खुणा ऑटोवर सोडल्या, की एकीकडे हजाराची खूण, दुसरीकडे शंभराची, आणि खांब सारख्याच उंचीचे. घाईत बघणाऱ्याला वाटेल, माणमध्ये पाणीच पाणी! टँकरची वाट बघणाऱ्या बाईला दाखवा तो ग्राफ.

कुणी म्हणेल, "अरे, आकडे तर खरे आहेत ना? लेबल वाचावं माणसानं." हे म्हणजे करारातल्या बारीक अक्षरांसारखं झालं. लिहिलंय खरं, पण वाचलं जाऊ नये अशा बेतानं. आणि हो, स्वतःपुरता डेटा चाळताना ऑटो खुशाल वापरा, मीही वापरतो. पण ग्राफ दुसऱ्याच्या हातात द्यायचा असेल तर प्रश्न बदलतो: हा बघून कुणाला काय ठरवायचंय? ज्या आकड्यावर ते ठरणार, तो खुणेवर यायलाच हवा.

हापिसातही हेच आहे. सर्व्हरचा अलार्म ८५ टक्क्यांवर आणि ग्राफवर खुणा २०-२० च्या, असे डॅशबोर्ड तुम्हीही पाहिले असतील. तिथं फार तर सर्व्हर बसतो. सांगलीत घरं बसतात.

असो. सोमवारी पहिला ग्राफ काढाल तेव्हा ती एक ओळ लिहा. पटत नसेल तर भांडायला या, चहा माझ्याकडून.