लपवलेला विराम

राम जोशी हे मूळचे सोलापूरचे. त्यांच्या एका लावणीची, गायिकेकडून ऐकलेली चाल मी वर्गासाठी ‘म्यूझस्कोअर’मध्ये पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवत होतो. आरंभीची आलापी तालमुक्त. सॉफ्टवेअर मात्र तालचिन्हाशिवाय पान उघडेना. चिन्ह निवडून ‘व्ही’ ही कळ दाबली की ते पडद्यावर करडे होते आणि छापील पानावर उमटत नाही. हिशेबात मात्र ते राहतेच. लपवलेला विरामही आपल्या मात्रा घेतोच.

तालचिन्ह लपवणे मला गैर वाटत नाही. ती यंत्राची गरज होती, गायिकेची नव्हे. पण तिने मध्येच घेतलेला थांबा निव्वळ पान नेटके दिसावे म्हणून लपवायचा? भातखंड्यांच्या (१८६०–१९३६) स्वरलिपीत लांबलेल्या अक्षरापुढे अवग्रह येतो, लांबलेल्या स्वरापुढे आडवी रेघ. तिथे नुसते लांबणेही कागदावर जागा मागते, आणि ती मिळते.

पोथीचे संपादन शिकवताना गाळलेला पाठ तळटीपेत द्यावा, असा आपलाच आग्रह असतो (निदान परीक्षेपुरता तरी!). म्हणून थांबा मी दिसता ठेवला आणि खाली लिहिले : ‘आलापीचे तालचिन्ह लपवले आहे.’ वर्गात पहिला प्रश्न त्या ओळीवरच आला.