मुके जनावर आणि मालकाचा न्याय

घरात एखादे मुके जनावर असले म्हणजे मुलांना दयाधर्म निराळा शिकवावा लागत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. वाचकहो, या समजुतीची थोडी पारख केली पाहिजे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ५७३ व्यक्तींपुढे एक कल्पित प्रसंग मांडला होता. भरधाव बसपुढे एक कुत्रा व एक माणूस आहे; वाचवता येईल एकालाच. कुत्रा स्वतःचा आणि माणूस परदेशी प्रवासी असेल, तर सुमारे ४० टक्के लोकांनी कुत्र्याला पसंती दिली. कुत्रा परक्याचा म्हणताच हे प्रमाण पुष्कळ घसरले. म्हणजे भूतदया वाढली होती असे नव्हे. 'माझा' या शब्दाचे कुंपण तेवढे रुंदावले होते.

हे 'माझेपण' जनावराला तरी नेहमी तारते काय? छत्तीसगढच्या बालोद जिल्ह्यात खपरी गावी कुकुरदेवाचे प्राचीन मंदिर आहे. त्याची लोककथा अशी : एका बंजाऱ्याने अडचणीपायी आपला इमानी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली, तेव्हा कुत्र्यानेच माल दाखवून दिला. संतुष्ट सावकाराने चिठ्ठी गळ्यात बांधून त्याला मोकळे केले. कुत्रा परतलेला पाहून, याने आपला शब्द मोडला, असे समजून बंजाऱ्याने त्याला ठार मारले. चिठ्ठी त्याने नंतर वाचली.

त्या बंजाऱ्याची कुत्र्यावर माया नव्हती, असे कोण म्हणेल?

खपरीच्या दर्शनाने श्वानदंशाचे भय राहत नाही, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ती असो. परंतु रायपूरच्या गुढियारीसारख्या दाट वस्तीत आपल्या मोत्याचा दात शेजारच्या मुलाला लागला, म्हणजे मालकाची खरी परीक्षा होते. "नुसता ओरखडा आहे, आमचा मोत्या चावत नाही," असे मायेपोटी चटकन बोलले जाते आणि लस लांबते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे, आणि मोत्याला लस केव्हा टोचली, किंवा टोचलीच नाही, हे डॉक्टरांना व मुलाच्या आईला जसेच्या तसे सांगावे. रागाच्या भरात कुत्र्याला मारू नये, दूर नेऊन सोडूही नये. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी. तो धडधाकट राहिला की नाही, हे कळणे मुलाच्या उपचारासाठीही महत्त्वाचे असते.