धारचुल्याचा पूल कोणासाठी बंद होता?

मैत्रिणींनो, १९५० च्या करारामुळे नेपाळी माणूस पासपोर्टशिवाय इथे येऊन काम करू शकतो. आपल्या सोसायट्यांचे रखवालदार आणि त्यांच्या धुणीभांडी करणाऱ्या बायका याच वाटेने आल्या. मार्च २०२० मध्ये दोन्ही देशांत टाळेबंदी झाली आणि धारचुल्याचा महाकालीवरचा पूल बंद झाला. परतणारे शेकडो मजूर अलीकडे अडकले. पलीकडचा काठ, म्हणजे आपला देश, डोळ्यांना दिसत होता! काहींनी नदीत उड्या टाकल्या.

आणि राज्यकर्ते? ८ मे रोजी राजनाथ सिंहांनी दिल्लीत बसून त्याच धारचुला भागातून लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचे उद्घाटन केले. २० मे रोजी नेपाळ सरकारने लिपुलेख आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा काढला. त्याच सुमारास पंतप्रधान ओली संसदेत म्हणाले, भारतातून येणारा विषाणू चीन-इटलीच्या विषाणूपेक्षा घातक दिसतो. पण भारतातून येत कोण होते? त्यांचेच मजूर! ज्यांच्या कमाईवर डोंगरातल्या चुली पेटतात, ते एका भाषणात रोगाचे वाहक ठरले.

इथे राहिलेल्यांचे काय? जनधन खाते असलेल्या बायकांना सरकारने तीन महिने पाचशे रुपये दिले (तेवढ्यात काय भागते, हा वेगळा प्रश्न). बिनकागदाच्या नेपाळी बाईच्या हाती तेही पडले नाहीत. संकटकाळी धान्य आणि औषध नागरिकत्वाचा पुरावा न मागता मिळाले पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. निवेदनातला ‘भारतीय स्त्रिया’ हा शब्द खोडा म्हटले की बैठकीत काही जणी कुरकुरतात. कुरकुरू देत.