उच्चाराची लाज कशासाठी?

मालवण, देवगड, वेंगुर्ले ह्या किनारपट्टीवरील मुलाला भाषेची लाज दोनदा वाटावयास लावली जाते. घरची मालवणी तोंडी आली की ‘शुद्ध बोल’ म्हणून त्याला दटावले जाते. इंग्रजी वाचू लागला की त्याच्या उच्चारांना वर्ग हसतो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकविले जाऊ लागल्याने ही दुसरी लाजही कोवळ्या वयातच पदरी पडते.

वस्तुतः ह्या उच्चारांचा शास्त्रीय विचार एका मराठी अभ्यासकानेच फार पूर्वी केला आहे. डॉ. अशोक केळकर यांनी १९५७ साली ‘वर्ड’ ह्या नियतकालिकात मराठी भाषकांच्या इंग्रजी उच्चारांवर निबंध लिहिला. ज्याची थट्टा होते, तो अभ्यासाचा विषय आहे, हे त्यामुळे प्रस्थापित झाले. इंग्रजी ‘टी’चा उच्चार जीभ हिरड्यांना टेकवून होतो. मराठीत ‘त’ दंत्य आणि ‘ट’ मूर्धन्य. मधले स्थान रिकामे. साहजिकच मराठी माणूस ‘ट’ उच्चारतो. हा अडाणीपणा नव्हे. मातृभाषेच्या व्यवस्थेचा तो परिणाम होय.

पुढे काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ साली इंग्रजीची तीन वर्तुळे कल्पिली आणि भारताची गणना दुसऱ्या वर्तुळात केली: जेथे इंग्रजी बहुसंख्यांची मातृभाषा नाही, परंतु शिक्षणात व कारभारात रुजली आहे. अशा समाजांत तिची स्वतंत्र रूपे घडतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. रँडॉल्फ क्वर्क यांनी १९९० साली त्यावर आक्षेप घेतला. प्रमाण इंग्रजीचा आग्रह सोडल्यास विद्यार्थ्याचेच नुकसान होईल, अशी त्यांची भीती होती.

ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. मुलाखतीस जाणाऱ्या तरुणाला व्याकरण आणि लेखन प्रमाणच हवे. परंतु प्रमाण लेखन आणि लंडनचा उच्चार ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. तारकर्लीच्या तरुणाला इंग्रजीत बोलावे लागते ते बहुधा केरळच्या किंवा बंगालच्या पाहुण्याशी. तेथे कसोटी एकच: बोलणे समजले की नाही?

म्हणून शिक्षकांनी अर्थाचा घोटाळा होतो तेथेच श्रम वेचावेत. ‘रेकॉर्ड’ ह्या शब्दात आघात पहिल्या अवयवावर असला तर नाम, दुसऱ्यावर असला तर क्रियापद. हा भेद अवश्य शिकवावा. ‘ट’ला मात्र हसू नये. हसण्याच्या भयाने मूल बोलेनासे झाले, तर कोणतेच इंग्रजी त्याच्या हाती लागणार नाही.