तृतीयपुरुषी रुग्ण

पुण्याच्या सदाशिव पेठेत पाट्यांची वाण कधीच नव्हती. कोणी कोठे वाहन उभे करू नये, दारावरची घंटा किती वेळा वाजवावी आणि दुपारच्या कोणत्या प्रहरी यजमानांस उठवू नये, याविषयी येथील भिंती इतक्या निःसंकोचपणे बोलत आल्या आहेत की, घरातल्या माणसांना निराळे बोलण्याचे फारसे प्रयोजनच उरू नये. या वाङ्मयातील एक पाटी मात्र आमच्या मनावर बालपणापासून कोरली गेली आहे. ती एका दवाखान्याच्या आतल्या दारावर होती आणि तिच्यावर लिहिले होते, ‘रुग्णाबरोबर एकानेच आत यावे.’ हुकूम गर्दी आवरण्यासाठी होता, हे उघड आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, जो अल्पवयीन आहे त्याच्याबरोबर एक जण नेहमीच आत असणार.

आम्ही तेरा वर्षांचे असताना पोटदुखीपायी आईबरोबर त्या दारातून आत गेलो. डॉक्टरांनी जीभ आमची पाहिली, पोट आमचे दाबले आणि विचारले आईला. “काय खाल्लं होतं यानं? रात्री झोपतो का? शाळेत जातो ना नीट?” आईने तिला ठाऊक होती तेवढी उत्तरे प्रामाणिकपणे दिली. शाळेच्या वाटेवरच्या एका बोळात चार थोराड मुले आम्हांला रोज गाठतात आणि सकाळी दप्तर भरावयास घेतले की पोटात कळ येते, हे तिला ठाऊक नव्हते. ते ज्याला ठाऊक होते तो त्याच खोलीत स्टुलावर बसला होता, पण त्याची जबानी कोणी घेतली नाही. गुलाबी औषधाची, कागदाची पट्टी डकवलेली बाटली घेऊन आम्ही घरी परतलो. औषध गोड होते, एवढेच त्याच्याविषयी चांगले सांगता येईल.

दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण 1836 साली छापून निघाले, तेव्हापासून तरी आपण शाळेत पुरुष तीन असे शिकत आलो आहोत: बोलणारा, ज्याच्याशी बोलावयाचे तो, आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो. दवाखान्यात वैद्य आणि पालक आळीपाळीने पहिले दोन होतात. ज्याच्या देहात व्याधी आहे तो मुलगा किंवा मुलगी मात्र ‘याला’, ‘हिला’ अशा सर्वनामांत तिसऱ्या जागी बसते. देह हजर, पण कैफियत मुखत्याराने मांडावयाची, असा हा विलक्षण दरबार आहे. आणि मुलगी वयात आलेली असेल, तर त्या मुखत्यारपत्रातही एक पडदा असतो. ‘अडचण’, ‘बाहेरची’, ‘कावळा शिवला’ अशा आडवळणाच्या शब्दांची पिढीजाद शिबंदी आपल्या घरांत तैनात आहे. मुलीने ‘पाळी’ हा सरळ शब्द उच्चारण्यापूर्वीच आई तो अर्धा गिळून सांगते, आणि रक्तस्राव किती दिवस, वेदना किती, याची नोंद अंदाजाने होते.

हे सारे परंपरेने चालत आले असे म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने रोगिपरीक्षेची साधने तीन सांगितली: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पैकी प्रश्न हा रोग्यालाच विचारावयाचा असतो. ज्यांना वाचाच फुटलेली नाही अशा तान्ह्या मुलांची वेदना त्यांच्या रडण्यावरून, हालचालींवरून कशी ओळखावी, यासाठी काश्यपसंहितेत ‘वेदनाध्याय’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी प्राचीनांनी अध्याय लिहिला. ज्याला बोलता येते त्याच्या तोंडावर आपण हात ठेवला.

या मौनाची किंमत एका मराठी कन्येने फार लवकर ओळखली होती. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. पुढे 1883 साली बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात, आपण अमेरिकेस का जात आहोत याचा खुलासा करताना, परपुरुष वैद्यापाशी आपली पीडा सांगण्यास येथील स्त्रिया धजत नाहीत, म्हणून स्त्री-वैद्य हवी, हेच कारण त्यांनी पुढे केले. 1886 साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांनी पुण्यातच देह ठेवला. या चरित्रातील समुद्रपर्यटनाचे कौतुक आपण पुष्कळ केले. रोगी आणि वैद्य यांच्यातला संवाद हा त्या प्रवासाचा हेतू होता, इकडे मात्र आपले लक्ष फारसे गेले नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोचक आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव वैद्य नव्हते; गणिताचे प्राध्यापक होते. 1927 साली मुंबईहून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि त्यात वाचकांच्या शंकांना उत्तरे देण्यास आरंभ केला. जे घरात, शाळेत वा दवाखान्यात उच्चारता येत नव्हते, ते लोक पत्रात लिहीत; आणि त्या पत्रात, जन्मात कदाचित पहिल्यानेच, स्वतःच्या देहाविषयी ‘मी’ म्हणून बोलत. रघुनाथरावांची लेखणी कोरडी होती, गोंजारणे तिला माहीत नव्हते. परंतु ती विचारणाऱ्यालाच उत्तर देई, त्याच्या बापाला नव्हे. अशा प्रश्नोत्तरांवरूनच 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेची फिर्याद झाली. बचावासाठी उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. वाचक विचारतात म्हणून संपादकाने सांगावयाचे नाही, तर कोणी सांगावयाचे, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायासनास तो पटला नाही, दंड झाला. पुढे 1953 साली मृत्यूने गाठेपर्यंत कर्व्यांनी मासिक चालविले. त्या पत्रलेखकांपैकी किती जण, एखादा डॉक्टर वेळीच मान वर करून त्यांच्याकडे पाहता, तर पत्र लिहिण्याच्या भानगडीत पडलेच नसते, हा विचार आम्हांला पुष्कळदा छळतो.

कायद्याचा प्रश्नही सोपा नाही. सोळा वर्षांखालील मुलीला समज पुरेशी असेल, तर ती स्वतः वैद्याचा सल्ला घेऊ शकते, असे इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने 1985 साली ठरविले. आपल्याकडे अठरा वर्षांखालील मुलीच्या गर्भपातास पालकाची लेखी संमती लागते, आणि 2012 च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे डॉक्टरास पोलिसांत खबर द्यावी लागते. त्या धास्तीने मुली दवाखान्याची पायरी चढत नाहीत, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये, मुलीची व पालकांची तशी विनंती असल्यास अशा खबरीत तिचे नाव उघड करण्याची सक्ती डॉक्टरावर नाही, असा निर्वाळा दिला. 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्याखालची केंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री’ या गोड नावाने चालतात. वैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमात 2019 पासून संवादकौशल्याचा रीतसर समावेश झाला आहे. तजवीज झाली आहे. राहिली आहे ती डॉक्टरांनी खुर्ची रुग्णाकडे फिरविण्याची.

आणि आमच्या पेठेत तर आता नवाच रुग्ण आला आहे. बीड, नांदेड, लातूर, धाराशिवकडची तरुण मंडळी स्पर्धा परीक्षांसाठी येथील वाड्यांच्या आणि इमारतींच्या खोल्यांत कॉट-बेसिसवर राहतात, मेसमध्ये जेवतात, अभ्यासिकेत रात्री जागवतात. त्यांतला एखादा ॲसिडिटी, डोकेदुखी आणि निद्रानाश घेऊन दवाखान्यात येतो, तोही एकटा. तृतीयपुरुषात ढकलावयास येथे आई नसते, म्हणून त्याला विचारले जाते, “परीक्षा कधी आहे?” आणि सांगितले जाते, “टेन्शन घेऊ नका.” या वाक्याइतके निरुपयोगी औषध आजवर कोणत्याही औषधालयाने विकले नसेल. बाकावर संध्याकाळी तीस माणसे तिष्ठत असतात, डॉक्टरही थकलेले असतात, हे आम्ही जाणतो. तरीही गावी फोनवर “सगळं ठीक आहे” असे रोज सांगणाऱ्या त्या मुलाला तिसऱ्यांदा नापास झाल्याचे कोणाला तरी सांगावयाचे असते. अमेरिकेतील किशोरवैद्यकात प्रश्नांची एक क्रमवारी रूढ आहे: आधी घर, मग शिक्षण, मग खाणेपिणे, सोबती, व्यसन, आणि विश्वास बसल्यावर शेवटी देहसंबंध व जिवाचे बरेवाईट. दाराशी आलेल्याला ओटीवर बसवून, पाणी देऊन, मग कामाचे विचारावे, ही आपल्याच घरांतली जुनी रीत नव्हे काय?

परवा एका परिचित डॉक्टरांकडे गेलो असता हे कानांनी ऐकले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीबरोबर तिची आई आत गेली, थोडा वेळ झाला, आणि डॉक्टर म्हणाले, “आई, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसता का? मला हिच्याशी बोलायचंय.” मग मुलीकडे वळून, “हं, आता तू सांग.” आई बाहेर आली; किंचित दुखावलेली, किंचित धास्तावलेली. बाकावर वर्तमानपत्र नव्हते. कोपऱ्यातल्या ढिगातून तिने गेल्या वर्षीचा, मुखपृष्ठ फाटलेला एक दिवाळी अंक उचलला. आमचाच होता. तो ती उलटा धरून चाळू लागली आणि दहाची पंचवीस मिनिटे झाली, तरी दार उघडले नाही.